गळीत हंगाम आणि बारावीची परीक्षा



गळीत हंगाम ऐन भरात असतो, टोळी फडात उतरलेली असते, घरात चहापाण्याची घाई असते आणि नेमके त्याच दिवसांत आपला मुलगा किंवा मुलगी बारावीच्या परीक्षेला बसते. २०२५ साली मंडळाने लेखी परीक्षा पूर्वीपेक्षा लवकर, ११ फेब्रुवारीलाच सुरू केली. प्रात्यक्षिके तर जानेवारीअखेर सुरू झाली. तोडणी आणि परीक्षा यांची गाठ त्यामुळे जास्तच घट्ट झाली आहे. ऊस विकास विभागाने अभ्यासावर काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण शिवारात फिरताना पालक आम्हाला हेच विचारतात, म्हणून हे चार शब्द.

ही अडचण फक्त ऊसवाल्यांची नाही. आपल्या काही सभासदांची मुले घाटाखाली लोणेरे येथे, १९८९ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतात. त्यांच्यामुळे रायगड किनाऱ्याची खबरबात आपल्याला कळते. तिकडे ऊस नाही. भात, नारळ-सुपारी आणि मासेमारी. मासेमारी बंद असते ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे कोळ्याच्या घरीही परीक्षा ऐन हंगामातच येते. होडी भरतीच्या वेळेला निघते, बाजार पहाटे गाठावा लागतो. परीक्षेसाठी समुद्र थांबत नाही.

त्या किनाऱ्याच्या एका तुकडीची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या मुलांनी मार्च २०२० मध्ये दहावीचे पेपर दिले. करोनामुळे शेवटचा भूगोलाचा पेपर रद्दच झाला. निकाल लागण्याआधी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. मुरुड-श्रीवर्धनकडे घरांची छपरे उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढे अकरावी गेली मोबाइलवर. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ त्याच किनाऱ्यालगत गेले. शेवटी मार्च-एप्रिल २०२२ मध्ये बारावीची लेखी परीक्षा झाली, तीही कमी केलेल्या अभ्यासक्रमावर. पिकावर रोग येतो तसे अभ्यासावरही संकट येते. ज्याने दोन वर्षे थोडे थोडे केले त्याचे थोडे बुडते. ज्याने सगळे शेवटच्या महिन्यावर टाकले त्याचे सगळेच बुडते.

आपल्या भाषेत सांगायचे तर अकरावी-बारावी हे आडसाली पीक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लागण, तोडणी दीड वर्षाने. आपण नत्र एकदम देत नाही. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. उशिरा युरिया ओतला तर ऊस हिरवागार दिसतो, पण साखर उतारा घटतो. जानेवारीत रात्र रात्र जागवून केलेल्या पाठांतराचे तसेच होते. आणि तोडणीआधी दोन-तीन आठवडे आपण पाणी तोडतो ना? तसे शेवटच्या पंधरवड्यात नवीन धडा नको, झालेल्याचीच उजळणी हवी.

आता परीक्षेची रचना पालकांनी समजून घ्यावी. सहा विषय, एकूण ६०० गुण. भाषा आणि गणितात लेखी ८० व अंतर्गत २०. भौतिक, रसायन व जीवशास्त्रात लेखी ७० व प्रात्यक्षिक ३०. उत्तीर्ण होण्यास विषयाला ३५ गुण लागतात. म्हणजे प्रात्यक्षिकाची वही वेळेवर पुरी झाली तर बरेच ओझे आधीच उतरते. सकाळच्या पेपरला साडेदहालाच केंद्रावर हजर राहावे लागते. आधी दहा मिनिटे पेपर वाचायला मिळायचा. २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली आहेत.

घरच्यांनी काय करावे? “आम्हाला कुठे फिजिक्स येतंय?” असे पुष्कळजण म्हणतात. ते येण्याची गरज नाही. गरज आहे ती पुढील गोष्टींची.

१. तोडणीचा प्रोग्रॅम आणि परीक्षेचे वेळापत्रक भिंतीवर शेजारी शेजारी लावा. पेपरच्या दिवशी टोळी येणार असेल तर मजुराची किंवा भावकीची सोय आधीच करून ठेवा.

२. जेथे अजून रात्रीची वीज आहे तेथे परीक्षार्थीला दारे धरायला पाठवू नका. वाढे गोळा करायलाही नको.

३. मुलीला स्वयंपाक, धुणी, जनावरे सांभाळून अभ्यास करायला लावायचे आणि मुलाला नुसता अभ्यास, हा न्याय नव्हे. निदान जानेवारी ते मार्च ही कामे घरात वाटून घ्या.

४. रविवारी घड्याळ लावून जुना पेपर तीन तास सोडवायला बसवा. पालकाने फक्त वेळ पाहायची आणि घरात कोणाला बोलू द्यायचे नाही.

५. केंद्र परगावी असेल तर एस. टी. ची वेळ आधी पाहून या. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

६. झोप सहा-सात तास आणि सकाळी पोटभर न्याहारी.

७. शेजारच्याच्या टक्क्यांशी तुलना नको. आपल्या दोन शेतांचा उतारा तरी कुठे सारखा असतो?

शेवटी निकालाचे. नापास झाले की जग बुडाले, असे मुलाला वाटते, आणि घरातले एखादे तोडून टाकणारे वाक्य त्यात भर घालते. त्या दिवशी त्याला एकटे सोडू नका. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. राहिलेले विषय तेव्हा देऊन वर्ष वाचवता येते. लागण फसली तर आपण नांगे भरतो, शेत सोडून देत नाही. पोरांच्या बाबतीत तरी आपला धीर त्याहून कमी नसावा.

ऊस विकास विभाग