टॉवर पाडण्याआधी

रोह्याहून पेणमार्गे पनवेलला जाताना गाडीच्या खिडकीतून हाय टेन्शन लाईनचे टॉवर दिसतात. आपण इलेक्ट्रिकलवाले फार तर इन्सुलेटरच्या डिस्क मोजतो. १९४२ साली याच जिल्ह्यातल्या (तेव्हा कुलाबा जिल्हा) काही तरुणांनी असे टॉवर वेगळ्या नजरेने पाहिले होते.

खोपोली, भिवपुरी आणि कोलाडच्या पुढचं भिरा ही टाटांची तीन जलविद्युत केंद्रे. त्यांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या. महायुद्ध चालू होतं, म्हणजे ही लाईन सरकारची दुखरी नस. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल 'चले जाव' चळवळीत भूमिगत झाले, त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने अकरा टॉवर पाडले.

पाय कापला की टॉवर पडतो, हे कुणीही सांगेल. अवघड भाग त्याआधीचा. कुठला टॉवर रस्त्यापासून लांब आहे? पहारा कधी फिरतो? करवतीचा आवाज कुठल्या पाड्यापर्यंत जाईल? काळोखात परत कुठल्या वाटेने उतरायचं? हे नकाशात सापडत नाही. त्यासाठी त्याच रानात लाकूडफाट्याला जाणारा माणूस लागतो, आणि त्याने आपल्याला खरं सांगायला हवं.

इथे कोतवालांचं आधीचं काम उपयोगी पडलं असणार. माथेरानच्या पायथ्याच्या गावांत त्यांनी शाळा काढल्या होत्या, सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं उघडली होती. त्यामुळे गावकरी त्यांना घरचा माणूस समजत. हेरखातं म्हणा हवं तर, पण पगारावर कोणीच नव्हतं!

सरकारही गप्प नव्हतं. पोलिसांकडे बक्षिसाचे पैसे आणि धाक, दोन्ही होतं. ज्या जंगलात दस्ता लपे तिथेही लोकांची ये-जा असतेच, आणि शेकडो माणसं गप्प राहिली तरी एक फुटला की पुरे. शेवटी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावरच्या मुक्कामाची खबर फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉलच्या तुकडीने छापा घातला. कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. कोतवाल तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते. दर वर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात.