विश्लेषण : गाडीच्या रंगाचे टवके का उडतात? घरच्या घरी काय करता येईल?

गणपतीला गावी जाऊन आलेली गाडी धुवायला घेतली, की चिखलाखालून बॉनेटवर बारीक पांढरे-करडे ठिपके उघडे पडतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत, कारण तो चिखल नसतो. महामार्गावरच्या खडीने रंगाचे टवके उडवलेले असतात. मुंबई-गोवा महामार्गाची रखडलेली कामे, घाटातली सुटी खडी, ताडपत्री न टाकता धावणारे डंपर यांमुळे असे ठिपके नव्या गाडीवरही पहिल्याच प्रवासात दिसू शकतात. ते दिसायला किरकोळ असले तरी कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत पत्रा गंजण्याची सुरुवात तिथूनच होते. हे टवके कसे टाळायचे आणि उडालेच तर घरी काय करायचे, याविषयी…

टवका नेमका कसा उडतो?

डंपरमधून खडी पडणे हे एक कारण. पण बहुतेक खडे रस्त्यावरच पडलेले असतात. पुढच्या वाहनाचे चाक ते उडवते आणि मागून येणारी गाडी वेगाने त्यांच्यावर जाऊन आदळते. म्हणजे टवका पाडण्यात मागच्या गाडीच्या वेगाचा वाटा मोठा असतो. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरच्या तुलनेत ८० च्या वेगाला तोच खडा सुमारे पावणेदोन पट, तर १०० च्या वेगाला सुमारे पावणेतीन पट जोराने लागतो. समोरून येणाऱ्या वाहनाने उडवलेल्या खड्याच्या बाबतीत दोन्ही वेगांची बेरीज होते.

सर्वाधिक मार बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांची पुढची बाजू आणि काचेच्या वरची छताची पट्टी यांना बसतो. दरवाजाखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढचा भाग मात्र गाडीच्या स्वतःच्याच पुढच्या चाकांचा मार खातो.

रंगाचा थर किती जाड असतो?

कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थोडक्यात, छपाईच्या एका कागदाएवढ्या जाडीत चार थर असतात. पत्र्याला चिकटून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर चमक देणारा पारदर्शक क्लिअर कोट. रंगाचा थर यात सर्वांत पातळ असतो. टवका उडतो तेव्हा खडा यातले एक किंवा सगळेच थर फोडतो.

टवका किती खोल आहे, हे तळाच्या रंगावरून कळते. तळ करडा किंवा पांढरट असेल, तर प्रायमर शिल्लक आहे आणि घाई नाही. तळाशी चकाकता धातू दिसत असेल, तर पत्रा उघडा पडला आहे. तपकिरी असेल, तर गंज सुरू झाला आहे.

एवढ्याशा टवक्याने काय बिघडते?

बंपर प्लास्टिकचा असतो, त्यामुळे तो गंजत नाही. तिथला टवका फक्त दिसायला वाईट. बॉनेट बहुतेक गाड्यांत पोलादी असते, काहींत ॲल्युमिनियमचे. फ्रिजवरचे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून लावून पाहिले, की फरक कळतो. चिकटले तर पोलाद, आणि तिथे दुर्लक्ष महागात पडते.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे टवक्याच्या कडेने तो रंगाखाली शिरतो आणि रंग उचलतो. काही महिन्यांत ठिपक्याभोवती फुगा दिसू लागतो. फुगा आला की टचअपचे काम राहत नाही. तो भाग घासून, लांबी भरून पुन्हा रंगवावा लागतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जास्त तग धरतो, पण समुद्राकाठच्या गावांत मीठ आणि ओलावा दोन्ही असल्याने ही प्रक्रिया वेग घेते. पांढऱ्या गाडीवर टवका पटकन नजरेत येत नाही. तपकिरी ओघळ दिसू लागला, की मगच लक्ष जाते.

वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक कोटिंगने खडी अडते का?

नाही. शोरूममध्ये किंवा डिटेलिंगच्या दुकानात ‘रंगाचे संरक्षण’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, तिथे गोंधळ होतो. वॅक्स आणि टेफ्लॉन पॉलिशने चमक येते, पाणी ओघळते आणि घाण कमी चिकटते. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकाऊ असते, पक्ष्यांची विष्ठा व उन्हापासून काही अंशी वाचवते. पण त्याची जाडी मोजक्या एक-दोन मायक्रॉनची असते. खड्याचा मार शोषून घेण्याची ताकद तेवढ्या थरात नसते.

मग खडी अडवते काय?

पेंट प्रोटेक्शन फिल्म, अर्थात पीपीएफ. ही पॉलियुरेथेनची पारदर्शक, लवचिक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड असते. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी वापरतात, त्या पट्ट्यांचेच हे भावंड. खडा आदळला की फिल्म दबते, धक्का पसरवते आणि पुन्हा जागेवर येते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात. मात्र फिल्म फाटली तर ती सांधत नाही. टोकदार, मोठा खडा वेगाने आला तर फिल्मही हरते.

पूर्ण गाडीला अशी फिल्म लावण्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. पण खडीचा मार पूर्ण गाडीला बसत नाही. बॉनेटची पुढची पट्टी, आरसे, दाराच्या कडा आणि दरवाजाखालची पट्टी एवढेच झाकले, तरी बराचसा हेतू साधतो. हे तुकडे घरी लावता येतात. बंपरचे वळण मात्र अवघड असते, ते कारागिरावर सोडलेले बरे. पीव्हीसीची स्वस्त फिल्म उन्हाने पिवळी पडते आणि काढताना तुटते, त्यामुळे विकत घेताना ‘टीपीयू’ लिहिले आहे का ते पाहावे.

घरी फिल्म कशी लावायची?

जागा सावलीची आणि वाऱ्या-धुळीपासून आडोशाची हवी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. गाडी शॅम्पूने धुऊन घ्यावी, डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढावेत आणि जुने वॅक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसावे. आधीचे टवके असतील तर ते आधी भरून पूर्ण वाळू द्यावेत, नाहीतर ते फिल्मखाली कायमचे कैद होतात.

तुकड्याचा आकार आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि फिल्म टेबलावर कापावी. गाडीवर ठेवून पात्याने कापण्याचा मोह टाळावा, कारण पाते रंगालाही रेघ पाडते. कोपरे गोल ठेवले तर ते उचलत नाहीत.

स्प्रेच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि बेबी शॅम्पूचे चार-पाच थेंब घ्यावेत. पत्रा, फिल्मची चिकट बाजू आणि बोटे, तिन्ही भरपूर ओली करावीत. फिल्म ठेवून सरकवत जागेवर आणावी. मग रबरी स्क्वीजीने मधून कडेकडे पाणी ढकलावे. कडा बसत नसतील तर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्यावी. आत राहिलेले पाण्याचे बारीक बुडबुडे काही दिवसांत आपोआप जातात. धुळीचा कण मात्र जात नाही. त्यानंतर आठवडाभर गाडी धुऊ नये आणि प्रेशर वॉशरचा झोत कडांवर कधीच मारू नये.

एक सावधगिरी. गाडीचा एखादा भाग पुन्हा रंगवलेला असेल, तर रंग पूर्ण पक्का होईपर्यंत काही आठवडे थांबावे. गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या रंगाइतका घट्ट धरलेला नसतो. पुढे कधी फिल्म काढताना तो सोबत निघून येऊ शकतो.

फिल्मशिवाय काही उपाय आहे का?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले, की तीन सेकंद मोजावेत; त्याआधी आपली गाडी खांबापाशी पोहोचता कामा नये. ताशी ८० च्या वेगाला हे अंतर सुमारे ६५ मीटर होते. खडी-वाळूच्या डंपरमागे ते दुप्पट ठेवावे. नुकतेच डांबरीकरण झालेल्या, खडी सुटलेल्या रस्त्यावर वेग ४० च्या आसपास आणला, तर टवक्यांबरोबर पुढची काचही वाचते.

दुसरा उपाय मडफ्लॅप. पुढच्या चाकांमागे लावलेले फ्लॅप दरवाजाखालच्या पट्टीला आणि मागच्या भागाला वाचवतात, शिवाय मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर खडे उडणेही कमी होते. बॉनेटवर बांधायची रेक्झिनची ‘ब्रा’ मात्र जपून वापरावी. तिच्याखाली धूळ आणि ओलावा अडकला तर तीच रंग घासते.

टवका उडालाच तर?

गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनच्या खणातल्या पट्टीवर लिहिलेला असतो. ‘पांढरा’ एवढे सांगून चालत नाही, कारण एकाच कंपनीचे पांढरे रंगही वेगवेगळे असतात. कोडनुसार टचअप पेन किंवा छोटी बाटली काही शे रुपयांत मिळते.

टवक्याची जागा धुऊन, वाळवून अल्कोहोलने पुसावी. सैल झालेले पापुद्रे टूथपिकने काढावेत. गंज असेल तर तेवढाच ठिपका बारीक पॉलिश पेपरने चकाकता धातू दिसेपर्यंत घासावा. पेन्सिलच्या मागच्या टोकाला पेपरचा छोटा गोल चिकटवला की आजूबाजूचा रंग वाचतो. उघड्या धातूवर थेट रंग धरत नाही, आधी प्रायमरचा थेंब हवा.

बाटलीचा ब्रश या कामाला जाड पडतो. टूथपिकच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन खड्ड्यात सोडावा आणि त्याला पसरू द्यावे. एकदम खड्डा भरण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर वाळू द्यावा आणि शेवटी क्लिअर कोटचा थेंब सोडावा. चार-पाच दिवसांनी उंचवटा राहिलाच, तर २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा आणि पॉलिश करावे. मेटॅलिक आणि पर्ल रंगात ठिपका जवळून थोडा दिसतोच. इथे मुख्य हेतू पत्रा बंद करणे हा आहे.

भर पावसाळ्यात हे काम जमत नाही, कारण दमट हवेत रंग नीट वाळत नाही. तोवर टवका पूर्ण कोरडा करून त्यावर वॅक्सचा थर द्यावा. पाऊस सरल्यावर रंग लावण्याआधी तो अल्कोहोलने पुसून टाकावा.

विम्याचा दावा करावा का?

एक-दोन टवक्यांसाठी सहसा परवडत नाही. खासगी मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यापुढे २००० रुपये मालकालाच भरावे लागतात. शिवाय सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्याला हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी ‘नो क्लेम बोनस’ची सवलत एका दाव्याने जाऊ शकते. नाण्यापेक्षा मोठा भाग उघडा पडला असेल, रंगाखाली फुगे आले असतील किंवा पत्राच चेपला असेल, तर मात्र घरगुती प्रयोग थांबवून पेंटर गाठावा. बाकीच्यांना, पाऊस संपल्यावरचा एक कोरडा रविवार, टचअपची बाटली आणि टूथपिक एवढे पुरते.