फ्लटर आधी कागदावर सोडवा

एरोइलॅस्टिसिटी शिकायची म्हटली की थेट सॉफ्टवेअर उघडण्याचा मोह होतो. माझ्या मते सुरुवात कागदावर, पंखाच्या एकाच छेदापासून व्हावी. तो वर-खाली हलू शकतो आणि पिळला जाऊ शकतो, बस्स. वेग वाढतो तशा या दोन हालचालींच्या वारंवारिता जवळ येतात, हवा प्रत्येक आवर्तनात ऊर्जा ओतू लागते आणि अवमंदन ऋण होते. हाच फ्लटर. गंमत म्हणजे छेदाचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला की फ्लटरचा वेग सहसा वाढतो. पंख अधिक मजबूत करावा लागतोच असे नाही. 1916 मध्ये हँडली पेज बॉम्बरची शेपटी जोरात थरथरू लागली, तेव्हा अभियंता लँचेस्टरने सुचवलेला उपायही साधाच होता: दोन्ही बाजूंचे स्वतंत्र एलिव्हेटर एकमेकांना ताठ नळीने जोडा.

खऱ्या विमानात कितीतरी मोड, म्हणजे कंपनाचे प्रकार, असतात, दोनांनी काय होणार, हा आक्षेप रास्त आहे. प्रमाणपत्रासाठी मोठे मॉडेल लागतेच. पण लॉकहीड इलेक्ट्रा पाहा. 1959 मध्ये टेक्सासवर आणि 1960 मध्ये इंडियानावर या जातीच्या दोन विमानांचा एकेक पंख हवेतच तुटला. कारण ठरलेला व्हर्ल फ्लटर, म्हणजे प्रोपेलर आणि इंजिनाची वाढत जाणारी डगमग, 1938 सालीच सिद्धांतात मांडला गेला होता. इंजिनाचे आधार शाबूत असताना इलेक्ट्रात तो उद्भवत नव्हता. आधारांचा ताठरपणा घटला तर काय, हा प्रश्न कोणतेही मॉडेल आपणहून विचारत नाही. समीकरणातला तो एक आकडा हाताने बदलून पाहिलेल्या विद्यार्थ्याला तो सुचण्याची शक्यता जास्त.