विश्लेषण : कृष्णद्रव्य एकाच कणाचे, की मिश्रण?

अमेरिकेतील ‘एलझेड’ प्रयोगात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, दहा टन द्रवरूप झेनॉन साठवून शास्त्रज्ञ कृष्णद्रव्याच्या कणाची वाट पाहत आहेत. तो अजून सापडलेला नाही. मग सिद्धांत चुकला, की कृष्णद्रव्यात एकापेक्षा अधिक प्रकारचे कण आहेत?

कृष्णद्रव्याबद्दल काय माहीत आहे?
विश्वात तारे, ग्रह आणि आपण, असे नेहमीचे द्रव्य जेमतेम ५ टक्के. कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के. ते दिसत नाही, गुरुत्वाकर्षणातून जाणवते. त्यातून एकूण वजन कळते, घटक नव्हे. करमाळा तालुक्यातील केमचे कुंकू प्रसिद्ध आहे. पारंपरिक कुंकवाचा लाल रंग हळदीला चुन्याची जोड मिळाल्यावर येतो. पण तराजू फक्त एकूण वजन सांगतो. तसेच हे.

महासममितीचा संबंध काय?
प्रत्येक ज्ञात मूलकणाला एक जोडीदार कण असावा, असे हा सिद्धांत म्हणतो. त्यातील सर्वांत हलका कण अनेक प्रारूपांत टिकून राहतो. विद्युतभार नसलेला ‘न्यूट्रॅलिनो’ हा त्यातला आघाडीचा उमेदवार. पुण्यात जन्मलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. मॅन्युएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा घटक कशाला?
न्यूट्रॅलिनोच्या ‘हिग्जिनो’ प्रकाराने एकट्याने सारा हिशेब जुळवायचा, तर तो प्रोटॉनपेक्षा सुमारे ११०० ते १२०० पट जड हवा. हलका असेल, तर विश्वात त्याचा साठा कमी उरतो. उरलेला वाटा ‘अ‍ॅक्झिऑन’ हा अतिहलका कण भरून काढू शकतो.

प्रयोगांवर काय परिणाम?
न्यूट्रॅलिनोचा वाटा दहावा हिस्सा असेल, तर झेनॉनमधील अपेक्षित धडकाही दहापट कमी होतात. अवकाशात असे दोन कण एकमेकांना भिडून गॅमा किरण निघू शकतात. तो संकेत तर शंभरपट क्षीण होतो, कारण भिडणारे दोन्ही कण विरळ असतात.

मग ही पळवाट नाही का?
प्रत्येक अपयशानंतर वाटा कमी केला, तर सिद्धांत कधीच खोटा ठरणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण जिनिव्हाजवळच्या ‘एलएचसी’मध्ये हे कण टकरीतून नव्याने तयार व्हावे लागतात, विश्वात त्यांचा साठा किती, याने तिथे फरक पडत नाही. तेथील ‘सीएमएस’ प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग आहे. महासममितीचा एकही कण अद्याप तिथे आढळलेला नाही. हलक्या हिग्जिनोची खरी परीक्षा तिथेच आहे.