त्या दोन-तीन सेकंदांत काय घडतं?

आमच्या घरी एका मराठी नटाचा विषय निघाला की आई अजूनही म्हणते, "शिष्ट आहे मेला." त्याचं नाव इथे घेत नाही, पण प्रसंग सांगते. मी दहावीत होते. कोथरूडमधल्या एका मेडिकलमध्ये आम्ही दोघी उभ्या होतो आणि आमच्या पुढे तो. त्याची मालिका आई रोज पोळ्या करता करता बघायची. त्या आठवड्यात मालिकेत त्याची बायको आयसीयूत होती. आई सरळ पुढे झाली आणि शेजारच्या काकांना विचारावं तसं विचारलं, "काय हो, बायको कशी आहे आता?"

तो आईकडे नुसता बघत राहिला. दोन-तीन सेकंद. मग "ठीक" असं काहीतरी पुटपुटला, काउंटरवर चिठ्ठी सरकवली आणि पाठ फिरवली. संपलं. आईनं ती मालिका सोडली. पुढे कॉलेजात हा किस्सा मीही रंगवून सांगितला, अर्थात आईच्या बाजूनं.

आता माझी पीएचडी चेहरे ओळखण्यावरच चालू आहे आणि तो किस्सा मला पूर्वीसारखा सांगता येत नाही.

व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी १९८६ मध्ये एक मॉडेल मांडलं, जे आमच्या क्षेत्रात आजही पहिल्या आठवड्यात शिकवतात. चेहरा ओळखीचा वाटणं ही एक पायरी, हा माणूस कोण हे आठवणं ही पुढची, आणि नाव त्याच्याही पुढे. गाडी मध्येच कुठेही अडकू शकते. त्याच्या आदल्या वर्षी छापून आलेल्या एका अभ्यासात २२ जणांनी आपल्या रोजच्या अशा फजित्या डायरीत टिपल्या होत्या. "चेहरा ओळखीचा, पण कोण ते आठवेना" हा प्रकार भरपूर सापडला. "नाव आठवलं, पण माणूस कोण ते माहीत नाही" असं एकदाही नाही. म्हणजे ओळखीची भावना आधी येते आणि ती कुठून आली याची पावती तिच्यासोबत येत नाही. रोज टीव्हीवर दिसणारा चेहरा आणि रोज जिन्यात दिसणारा चेहरा, या पायरीवर दोघांत फारसा फरक नाही.

ही भानगड अगदी पेशींपर्यंत जाते. २००५ मध्ये रोद्रिगो कियान किरोगा आणि सहकाऱ्यांनी फिट्सच्या रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी या रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते. एका रुग्णाची एक पेशी जेनिफर अ‍ॅनिस्टनच्या वेगवेगळ्या फोटोंना प्रतिसाद द्यायची, इतरांच्या फोटोंना नाही. पुढे त्याच भागात घरच्या माणसांच्या फोटोंना प्रतिसाद देणाऱ्या पेशीही सापडल्या. नट-नट्यांसाठी मेंदूत वेगळी खोली नाही, ते आपल्या नातेवाइकांच्याच वाड्यात राहतात!

समाजशास्त्रज्ञांना याचा वास आधीच लागला होता. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये, टीव्ही अजून नवा असताना, पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या या एकतर्फी ओळखीवर लिहिलं. तेव्हा आईला वेडी म्हणू नका. तिची ओळख खरी होती, फक्त एकाच बाजूची होती.

आता दुसऱ्या बाजूला उभं राहून बघा. एक बाई जवळ येते, ओळखीच्या सुरात बोलते, घरच्या माणसाची चौकशी करते. तुम्ही काय कराल? हिला कुठं पाहिलंय, नात्यातली आहे की सोसायटीतली, हे डोक्यात शोधाल. सापडणार काहीच नाही, कारण तिथं काही नाहीच. या शोधाला वेळ लागतो, आणि तो चालू असताना चेहरा कोरा पडतो. माझा अंदाज असा, की आपण ज्याला "शिष्टपणा" म्हणतो त्यातला बराचसा भाग म्हणजे हा कोरा चेहरा. दुसऱ्याचं वागणं बघून थेट स्वभावावर शिक्का मारायचा आणि परिस्थिती विसरायची, या आपल्या खोडीला मानसशास्त्रात नावही आहे. त्यात आपला नमुना एकाचाच.

अर्थात काही जण खरंच उद्धट असतात. ते नाकारत नाही.

रस्त्यावर आपण अनोळखी माणसाकडे ओझरतं बघतो आणि नजर काढून घेतो. अर्व्हिंग गॉफमन म्हणतो, हे दुर्लक्ष म्हणजे एक सभ्यता आहे. तुम्हाला मला ती दिवसभर फुकट मिळते, प्रसिद्ध माणसाला मिळत नाही. सचिन तेंडुलकर दाढी-मिशा लावून 'रोजा' बघायला गेला होता, तो किस्सा माहीतच असेल. मध्यंतरात चष्मा पडला आणि लोकांनी ओळखलं. (ओळखीच्या चेहऱ्यात डोळे-भुवयांचा भाग फार महत्त्वाचा असतो. २००३ च्या एका प्रयोगात प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतल्या भुवया पुसल्या, तर डोळे पुसल्यापेक्षाही ओळखणं कठीण गेलं. पुढच्या वेळी कुणाला वेषांतर करायचं असेल तर दाढीपेक्षा भुवयांचं बघा.)

यावर ज्याचा त्याचा उपाय वेगळा. अमिताभ बच्चन रविवारी 'जलसा'च्या फाटकाशी येतात. भेटीला जागा आणि वेळ ठरली की दोन्ही बाजूंना आपली भूमिका माहीत असते. गोंधळ होतो तो भूमिका न कळल्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये वाराणसीत शूटिंगच्या ठिकाणी सेल्फीसाठी आलेल्या मुलाला नाना पाटेकरांनी टपली मारली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. नंतर माफी मागताना त्यांनी सांगितलं, की सीनची तालीम चालू होती आणि तो मुलगा आपल्याच युनिटमधला वाटला. फटका समर्थनीय नाहीच. पण स्पष्टीकरण बघा, तेही "हा कोण?" या प्रश्नाचं चुकलेलं उत्तर आहे.

सेल्फीनं एक गोष्ट मात्र हिरावली, असं मला वाटतं. सही घेताना नट विचारायचा, "नाव काय तुमचं?" तेवढ्यापुरती का होईना, ओळख दोन्ही बाजूंनी व्हायची. सेल्फीत दोघंही फोनकडे बघतात.

हे सगळं मी गेल्या महिन्यात आईला समजावून सांगितलं. पेशीबिशी सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग 'बरी आहे' म्हणायला काय पैसे पडत होते?" रात्री भांडी आवरताना मात्र तिनं आपणहून विचारलं, "अगं, त्याच्या हातात चिठ्ठी होती ना? कुणाची असेल?"