कांदळवन जगतं भरती-ओहोटीवर

मुंबई आणि नवी मुंबईच्या मधल्या ठाणे खाडीतली सुमारे 1,690 हेक्टर जागा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक कांदळवनाची, बाकीची पाण्याची. 2022 मध्ये तिला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. जागेला सोन्याचा भाव असलेल्या शहरात एवढा चिखल राखून काय मिळतं? त्यासाठी हे जंगल चालतं कसं, ते पाहू.

खाडीचा गाळ इतका बारीक आणि पाण्याने भरलेला असतो की त्यात हवा खेळत नाही. एरवीच्या झाडाची मुळं तिथे कुजतील. कांदळवनातल्या तिवर या झाडाची काही मुळं मात्र चिखलातून सरळ वर येतात. ओहोटीला बुंध्याभोवती पेन्सिलीएवढी शेकडो टोकं उभी दिसतात. ही श्वसनमुळं. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात आणि पाणी उतरलं की त्यांतून हवा आत जाते. खारं पाणी शोषताना तिवर बरंचसं मीठ मुळांशीच अडवतं, उरलेलं पानांवाटे बाहेर टाकतं. पानावरून बोट फिरवून जिभेला लावलं, तर खारट लागतं.

भरतीबरोबर गाळ येतो. मुळांच्या दाटीत पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि काठ धरून राहतो. लाटांचा जोरही इथेच ओसरतो. गळलेली पानं खेकडे कुरतडतात, उरलेली सूक्ष्मजीव कुजवतात आणि त्या अन्नावर कोळंबी व माशांची पिल्लं पोसली जातात. चिखलात गाडलेली पानं-मुळं हवेअभावी फार सावकाश कुजतात, म्हणून त्यांतला कार्बन तिथेच अडकून पडतो. झाडीपुढच्या उघड्या चिखलात फ्लेमिंगो चोच उलटी धरून शेवाळ गाळून खातात.

शहराला सर्वांत जवळचं काम पावसाळ्यातलं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी कुठलंच जंगल अडवणार नाही. पण भरतीच्या वेळी नद्या-नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, त्याला पसरायला सखल जागा लागते. कांदळवन आणि मिठागरं ही ती जागा. मिठी नदीच्या काठच्या अशा कितीतरी जागा तोवर भरावाखाली गेल्या होत्या.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि 2018 च्या निकालात भोवतालचा 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितलं. तरीही कुऱ्हाड न लावता कांदळवन मारता येतं. एखादा बांध घातला किंवा राडारोडा टाकून पाण्याची वाट बुजवली की भरती आत येत नाही, नाहीतर आलेलं पाणी बाहेर जात नाही. श्वसनमुळं सतत पाण्याखाली राहिली की गुदमरतात, पाणी पोचलंच नाही तर झाड वाळतं. मग 'इथे कांदळवन उरलंच नाही' असं म्हणायला वाट मोकळी होते.

म्हणून कांदळवन राखायचं तर झाडं मोजून भागत नाही, पाण्याची वाट राखावी लागते. खाडीकाठी राडारोड्याचा डंपर रिकामा होताना किंवा नवा बांध पडताना दिसला, तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाला किंवा पोलिसांना त्याच दिवशी कळवा. झाडं वाळेपर्यंत थांबू नका.