सांदवाडीतील सल्ला आणि त्याची पारख



कामगार चळवळीतील माणसाने व्यासपीठावर उभे राहून बोनस, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांवर बोलावे, अशी रीत आहे. आज मी लवकी-कोहळ्यांवर बोलणार आहे, याचे कोणास नवल वाटेल. पण आठ तासांची पाळी संपल्यावर माणूस स्वतःच्या मर्जीने जे काम करतो, त्यात त्याची बुद्धी सर्वांत मोकळी असते. दुर्गापूर, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर अशा कोणत्याही वसाहतीत फेरी मारा. क्वार्टरच्या मागे काट्याकुट्यांचे कुंपण घालून दोन-चार वाफे काढलेले दिसतील. पुस्तकात याला परसबाग म्हणतात. आपल्या झाडीपट्टीत सांदवाडी. गडचिरोलीकडील खेड्यांत घरामागे मका, वाल, कोहळे लावण्याची चाल जुनीच आहे. तेथून खाणीवर आलेल्या माणसाने आपली सांदवाडीही बरोबर आणली.

हा नाद एकट्याचा नाही. कुंपणाच्या अलीकडून एकाने विचारावे, पलीकडून दुसऱ्याने सांगावे, मूठभर बी घ्यावे, चार शेंगा द्याव्यात, असाच तो चालतो. सल्ला फुकट मिळतो, हे खरे. पण चुकीचा सल्ला फुकट पडत नाही. त्यापायी हंगाम जातो, आणि गेलेला हंगाम वर्षभर परत येत नाही. म्हणून सल्ला कसा द्यावा आणि कसा पारखावा, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

साधे उदाहरण राखेचे घ्या. ‘वाफ्यात राख टाका’ हे आजीपासून ऐकलेले वाक्य. आजीची राख चुलीतील लाकडाची होती. तिच्यात पालाश असते, चुनाही असतो. बेताने टाकली तर झाडास उपयोगी पडते. खाणीच्या गावात शेगडी पेटते ती दगडी कोळशावर. त्या राखेत बहुतांश वाळू-मातीचीच द्रव्ये असतात, पालाश नाममात्र असते, आणि आर्सेनिकासारखी विषारी द्रव्ये थोड्या प्रमाणात असू शकतात. भाजीच्या वाफ्यात तिला जागा नाही. आजीचा सल्ला खोटा नव्हता. चूल बदलली आणि सल्ला तोच राहिला. शब्द एक, वस्तू दोन, असा हा घोटाळा आहे.

दुसरे उदाहरण हवामानाचे. पुण्यामुंबईकडे छापलेली बागकामाची पुस्तके चांगली असतात. पण त्यांतला उन्हाळा पुण्याचा असतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टोमॅटो, म्हणजे आपले भेदरे, यांचे फूल दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या पलीकडे गेली की गळू लागते. पराग निकामी होतो आणि फळ धरत नाही. तेव्हा एप्रिलात झाड हिरवेगार असूनही भेदरे लागत नसतील, तर त्यावर खतांचा मारा करून काय होणार? आपल्याकडे पावसाळा ओसरता ओसरता रोपे लावावीत आणि थंडीत फळ घ्यावे. उन्हाळ्यात जगवायची रोपे असतील, तर त्यांवर गोणपाटाची सावली करावी, पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे, आणि बुडाशी पाल्यापाचोळ्याचे आच्छादन घालावे. रोपाजवळ कच्चे, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवले, तर थोडे पाणी पुष्कळ दिवस पुरते.

तिसऱ्या उदाहरणात कामगाराच्या पाळीचाच संबंध येतो. ‘लवकीला फुले भरपूर येतात, पण फळ पिवळे पडून गळते,’ ही तक्रार दर वर्षीची. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते. नराच्या मागे नुसता देठ. नराचा पराग मादीपर्यंत पोचला नाही, तर ते इवलेसे फळ गळते. कीटक कमी असतील तेथे हे काम हाताने करता येते: ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या मागे साराव्यात आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. मात्र लवकीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते, तर कोहळ्याचे पिवळे फूल भल्या पहाटे. दुपारच्या पाळीला जाणाऱ्यास लवकीचे उमललेले फूल दिसतच नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्यास कोहळ्याचे फूल हमखास भेटते. शेजाऱ्याचा कोहळा फळतो आणि आपली लवकी गळते, यात हातगुण, नजर वगैरे काही नाही. पाळीचा फरक आहे. अशा वेळी दोन पाळ्यांतील शेजाऱ्यांनी एकमेकांचे वेल सांभाळावेत. संघटना याहून निराळे काय शिकवते?

आता बियाण्याविषयी. वाल, भेदरे, भात यांचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. म्हणून चांगल्या झाडाचे बी राखले तर तोच गुण उतरतो. लवकी, दोडके, कोहळे यांचे तसे नाही. दोन जातींच्या लवक्या जवळ असल्या की पराग मिसळतो. त्याने यंदाच्या फळाची चव बदलत नाही. पण त्यातील बी पुढे काय देईल, याचा भरवसा राहत नाही. क्वचित कडू लवकी निपजते, आणि ती विषारी असते. शिजवण्यापूर्वी टोकाचा लहानसा तुकडा जिभेला लावावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि फळ फेकून द्यावे. संकरित बियाण्याचे बी राखण्यातही अर्थ नसतो. पुढची पिढी एकसारखी येत नाही.

निवडून राखलेल्या बियाण्याचे सामर्थ्य पाहायचे असेल, तर दूर जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच, नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात, दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले. १९८३ मध्ये आपल्या भाताच्या बांधीत काही लोंब्या त्यांना निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करीत गेले. त्यातून जो बारीक तांदूळ निघाला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. बी त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना दिले, आणि हातोहात ते दूरवर पसरले. तांदूळ घरोघरी पोचला. तो शोधणाऱ्याचे नाव मात्र फार मागाहून पोचले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला. परंतु आयुष्याच्या अखेरीस त्यांना आर्थिक ओढगस्त सोसावी लागली. ३ जून २०१८ रोजी ते वारले.

या कथेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. निरीक्षणाला पदवी लागत नाही, ही एक. आणि वाटून दिलेल्या ज्ञानावर देणाऱ्याचे नाव राहिले पाहिजे, ही दुसरी. श्रमाचे मोल मागणाऱ्या आपण कामगारांनी तरी शेजाऱ्याची युक्ती आपली म्हणून सांगू नये.

म्हणून माझी सूचना एवढीच. प्रत्येक वसाहतीत सांदवाडीची एक वही असावी. कोणी सल्ला दिला, माती काळी कन्हार होती की मुरमाड, पाणी किती दिले, बी कोठले, तारीख कोणती आणि फळ काय मिळाले, हे तीत लिहावे. फसलेला प्रयोग तर अवश्य लिहावा. त्याने दुसऱ्याचा हंगाम वाचतो. मृग लागण्यापूर्वी, जूनच्या आरंभी, एक दिवस ठरवून बियांची देवघेव करावी. पुडीवर देणाऱ्याचे नाव असावे.

या वहीची निकड आहे. क्वार्टर कामगाराच्या मालकीचे नसते. निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करावी लागते, आणि वीस वर्षे खत घालून पोसलेली माती तेथेच राहते. नव्याने येणारा त्या मातीत पुन्हा पहिल्यापासून चुकू लागतो. माती बरोबर नेता येत नाही. पण तिची हकिकत मागे ठेवता येते. जाणाऱ्याने ती लिहून ठेवावी, येणाऱ्याने वाचावी आणि आपली ओळ खाली जोडावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.